पेरणी एका दिवसाची, राखण वर्षांची

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशातील पहिल्या स्वदेशी ‘कार-टी’ पेशी उपचाराचे लोकार्पण झाले. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि आयआयटीच्याच अंगणात जन्मलेली ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी यांनी मिळून हा उपचार उभा केला. ‘नेक्सकार-१९’ हे त्याचे नाव. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने त्याला परवानगी दिली होती. अमेरिकेत ज्याला कोट्यवधी रुपये मोजावे लागतात, ते आपल्याकडे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळू लागले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, आणि तो वाटण्यात काही गैर नाही.

परंतु आपल्याकडे एक जुनी खोड आहे. उद्घाटनाला आपण जेवढे उत्साहाने जमतो, तेवढे देखभालीला जमत नाही. पाझर तलावाचे भूमिपूजन होते, गाळ काढायला मात्र कोणी फिरकत नाही. या नव्या उपचाराच्या बाबतीत ही खोड जिवावर बेतणारी ठरू शकते. कारण हा उपचार शरीरात सोडायला काही मिनिटे लागतात. तो लागू पडला की नाही, हे कळायला महिने लागतात. आणि तो टिकला की नाही, हे पाहायला वर्षे द्यावी लागतात. मधल्या काळात रोग्याकडे कोणी, कशाने आणि किती दिवस लक्ष ठेवायचे, हा प्रश्न उपचाराइतकाच मोलाचा आहे. त्याची चर्चा मात्र फारशी होताना दिसत नाही.

आधी रोगाविषयी थोडेसे. गळा, काख, जांघ येथल्या लसिका ग्रंथी आपल्याला तशा ओळखीच्या असतात. लहानपणी पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण यायचे, ते याच ग्रंथींना. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ही ठाणी. त्या पेशींपैकीच काही बेबंद वाढू लागल्या की त्याला लिम्फोमा म्हणतात. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातला वारंवार आढळणारा आणि झपाट्याने वाढणारा प्रकार मोठ्या ‘बी’ पेशींचा. त्यातही दहापैकी साधारण सहा रोगी पहिल्याच औषधोपचाराने बरे होतात. ज्यांचा रोग दाद देत नाही किंवा जाऊन पुन्हा येतो, अशा उरलेल्यांसाठी ‘कार-टी’ हा मोठा आधार ठरला आहे.

त्याची कल्पना सांगायला सोपी आहे. आपल्या रक्तात ‘टी’ पेशी नावाचे शिपाई असतात. कर्करोगाची पेशी ही घरातलीच असल्याने त्यांना ती शत्रू म्हणून ओळखू येत नाही. म्हणून रोग्याच्या रक्तातून या पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे पेशीच्या अंगावर एक आकडा उगवतो, म्हणा ना. हा आकडा ‘बी’ पेशींवरील ‘सीडी-१९’ नावाच्या खुणेला बरोबर अडकतो. अशा पेशींची प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढ करून, रोग्याला तीन दिवस थोडी केमोथेरपी देऊन, मग त्या सलाईनसारख्या परत शरीरात सोडतात. या दिशेचे पहिले प्रयोग इस्रायलमधील झेलिग एश्हार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केले. अमेरिकेत लिम्फोमासाठी अशा पहिल्या उपचाराला २०१७ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, ही गोळी नाही, की घेतली आणि तिचा अंमल काही तासांनी उतरला. या पेशी जिवंत आहेत. त्या शरीरात वाढतात, लढतात, काही मरतात, काही वर्षानुवर्षे राहतात. रक्ताच्या एका कर्करोगासाठी २०१० साली अमेरिकेत हा उपचार घेतलेल्या दोन रोग्यांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी सापडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून याला औषध देणे म्हणण्यापेक्षा पेरणी म्हणणे मला अधिक योग्य वाटते. आणि पेरणी केलेला शेतकरी घरी जाऊन झोपत नाही, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

राखणीचा पहिला टप्पा दिवसांचा असतो. सोडलेल्या पेशी शत्रूशी भिडल्या की शरीरात रसायनांचा लोंढा सुटतो. ताप येतो, रक्तदाब घसरतो, श्वास अपुरा पडतो. त्यावर औषधे आहेत, पण ती वेळेवर द्यावी लागतात. काही जणांच्या मेंदूवर परिणाम होतो. तो ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी चाचणी फार साधी आहे. साल कोणते, महिना कोणता, गाव कोणते, हे विचारायचे. समोरच्या तीन वस्तूंची नावे विचारायची. साधी आज्ञा पाळता येते का पाहायचे. शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजायला लावायचे. आणि एक वाक्य लिहून घ्यायचे. एकूण गुण दहा. कालचे वाक्य सरळ ओळीत होते आणि आज अक्षर ढेपाळले, ओळ खाली घसरली, तर डॉक्टर सावध होतात. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या तंत्रज्ञानाच्या शेवटी रोग्याचे हस्ताक्षर पाहावे लागते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. आणि हे ढेपाळणे पुष्कळदा सर्वांत आधी लक्षात येते ते शेजारी बसलेल्या बायकोच्या, मुलीच्या किंवा भावाच्या. म्हणून राखणीत घरच्या माणसाची जागा पहिल्या दिवसापासूनच आहे.

या काळात रोग्याने रुग्णालयापासून दूर जायचे नसते. अमेरिकेत आधी चार आठवडे जवळ राहण्याचा दंडक होता. अनुभव वाढल्यावर २०२५ च्या जूनमध्ये तो दोन आठवड्यांवर आणण्यात आला. ही सवलत कोणाच्या मर्जीने मिळालेली नाही. हजारो रोग्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि गंभीर त्रास बहुतेक करून पहिल्या दोन आठवड्यांतच होतो, हे त्यातून दिसले, म्हणून ती मिळाली. नोंद ठेवण्याचा फायदा असा थेट पुढच्या रोग्याच्या खिशापर्यंत पोहोचतो.

दुसरा टप्पा महिन्यांचा, आणि तोच सर्वांत अवघड. रोग हटला का, याची पहिली मोठी तपासणी साधारण तिसाव्या दिवशी होते. तिचे मुख्य साधन ‘पेट स्कॅन’. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून दिली जाते. कर्करोगाच्या पेशी हावरट असतात, त्या ही साखर जास्त खातात आणि चित्रात चमकतात. या चमकेला गुण देण्याची पद्धत २००९ साली फ्रान्समधील दोव्हिल या गावी भरलेल्या बैठकीत ठरली. एक ते पाच अशी ती श्रेणी आहे. गाठीची चमक यकृताच्या चमकेइतकी किंवा तिच्याहून कमी असली तर एक, दोन किंवा तीन. म्हणजे रोग दिसत नाही. यकृताहून बऱ्यापैकी जास्त असली तर चार. फारच जास्त असली किंवा नवी गाठ दिसली तर पाच. रोग्याच्याच यकृताला मोजपट्टी मानायचे, ही युक्ती मोठी हुशारीची आहे.

पण या उपचारात मोजपट्टी फसवू शकते. लढणाऱ्या ‘टी’ पेशी स्वतःही साखर खातात. जिथे लढाई जोरात, तिथे चमक जास्त. त्यामुळे गाठ मरत असतानाही चित्रात ती पेटलेली दिसू शकते, कधी फुगलेलीही दिसू शकते. एक महिन्याच्या अहवालात ‘चार’ हा आकडा वाचून घरात रडारड सुरू होते, आणि तीन महिन्यांनी तीच जागा स्वच्छ निघते, असे घडते. अमेरिकेतील ज्या चाचणीवर २०१७ ची मान्यता आधारलेली होती, तिच्यात १०१ रोग्यांना या पेशी दिल्या गेल्या. त्यांपैकी २३ जणांचा रोग पहिल्या तपासणीत अर्धवटच हटलेला किंवा होता तेवढाच दिसत होता. पुढे दुसरा कोणताही उपचार न देता तो पूर्ण नाहीसा झाला, कोणाचा तर पंधरा महिन्यांपर्यंत वेळ घेऊन. याउलट पहिल्या महिन्यात स्वच्छ अहवाल मिळालेल्यांपैकीही काहींचा रोग तीन ते सहा महिन्यांत उलटला. म्हणजे पहिला अहवाल वाईट आला म्हणून धीर सोडायचा नाही, आणि चांगला आला म्हणून पेढेही वाटायचे नाहीत.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यात एक ओळखीचा आकडा दिसतो. ३१ मार्च २००४ पासून आपल्या बँकांत हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक मानले जाते. त्याआधी ही मुदत १८० दिवसांची होती. एक हप्ता चुकला म्हणून लगेच खाते बुडीत धरत नाहीत, आणि सहा महिने डोळे मिटूनही बसत नाहीत. लिम्फोमाचे डॉक्टरही नव्वदाव्या दिवसाच्या स्कॅनला असेच महत्त्व देतात. रोग उलटायचा असेल तर तो बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत उलटतो. हा काळ स्वच्छ पार पडला की भरवसा वाढत जातो. पण बँकेत शिकलेला दुसरा धडाही इथे लागू पडतो. नव्वद दिवसांचा नियम कागदावर असून भागत नाही, मधल्या काळात कोणीतरी गोदामात जाऊन माल पाहून यावा लागतो. इथे मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या, हाताने चाचपून केलेली तपासणी आणि शंका असेल तिथे गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी हे ते गोदाम पाहणे. चित्रावर शंका आली तर बायोप्सीच खरे काय ते सांगते. आणि रोग परतला असेल तर त्या पेशींवर ‘सीडी-१९’ ही खूण अजून आहे की रोगाने ती टाकून वेषांतर केले आहे, हेही तीच सांगते. पुढचा उपचार त्यावर ठरतो.

आता या राखणीत नवे साधन येऊ पाहत आहे. कर्करोगाच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. ते मोजता आले, तर चित्रातली चमक लढाईची आहे की रोगाची, याचा निवाडा रक्ताच्या नमुन्यावरून होऊ शकेल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अठ्ठाविसाव्या दिवशी ज्यांचे स्कॅन संदिग्ध होते, अशांचे रक्त तपासले गेले. ज्या दहा जणांच्या रक्तात रोगाचे तुकडे सापडले नाहीत, त्यांच्यापैकी एकाचाच रोग पुढे उलटला. ज्या सतरा जणांच्या रक्तात ते सापडले, त्यांच्यापैकी पंधरा जणांचा उलटला. आकडे लहान आहेत, पण त्यांचा इशारा स्पष्ट आहे. रोग परतल्याचे महिनाभर आधी कळले, तर रोग्याच्या अंगात दुसऱ्या उपचारासाठी बळ शिल्लक असते. दोन्ही बाजूंनी पकड घेणारी नवी प्रतिपिंडे, किरणोपचार असे मार्ग आज आहेत. पण उशीर झालेल्याला त्यांचा उपयोग कमी.

आता शब्दांविषयी. डॉक्टर म्हणतात, ‘रोगाने प्रतिसाद दिला.’ घरचे ऐकतात, ‘बरे झाले.’ या दोन वाक्यांमधले अंतर फार मोठे आहे. त्या १०१ रोग्यांच्या चाचणीत प्रतिसाद देणारे शेकडा ८२ होते. रोग पूर्ण दिसेनासा झालेले शेकडा ५४. आणि पाच वर्षांनंतर हयात असलेले शेकडा ४३ च्या घरात. तिन्ही आकडे खरे आहेत. ज्यांच्यापुढे एरवी काही महिनेच उरले होते, त्यांच्यासाठी शेवटचा आकडासुद्धा मोठ्या आशेचा आहे. पण जाहिरातीत पहिला आकडा येतो आणि घर शेवटच्या आकड्यावर चालते. आपल्या नेक्सकार-१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आले. त्यांत लिम्फोमा आणि ल्युकेमियाचे रोगी मिळून शेकडा ७३ जणांनी प्रतिसाद दिला. उत्तम गोष्ट आहे. पण प्रतिसाद म्हणजे सुरुवातीचा शेरा. त्यांपैकी पाच वर्षांनी किती जण घरी, कामावर, नातवंडांत असतील, हे सांगायला पाच वर्षांची राखण लागेल आणि तिच्या नोंदी लागतील.

इथे पैशांचा प्रश्न येतो. अमेरिकेत लिम्फोमासाठीच्या पहिल्या कार-टी उपचाराची जाहीर किंमत तीन लाख ७३ हजार डॉलर होती, रुग्णालयाचा खर्च वेगळा. आपल्याकडे लोकार्पणाच्या सुमारास ३० ते ४० लाख रुपयांची किंमत सांगितली गेली. आयुष्मान भारत योजनेचे आणि आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे छत्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे. उरलेली रक्कम उभी करायला जमीन, दागिने, देणगीदार न्यास आणि नातेवाईक यांचा आधार घ्यावा लागतो. आणि ही सारी धावपळ असते ती उपचाराच्या दिवसापर्यंत पोहोचण्यासाठी. त्यानंतरच्या स्कॅनचा, रक्ततपासण्यांचा, प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा, मुंबईच्या फेऱ्यांचा, बुडालेल्या रोजगाराचा हिशेब त्या अर्जात क्वचितच असतो. आरोग्य विम्यातही रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो, कुठे ६०, कुठे ९०. नेमक्या ज्या नव्वदाव्या दिवशी निर्णायक स्कॅन करायचा, त्याच सुमारास विम्याची कवाडे बंद होतात.

शिवाय अंतराचा प्रश्न आहे. पेट स्कॅनसाठी लागणारा फ्लोरिन-१८ हा पदार्थ ११० मिनिटांत निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवून तासांच्या आत वापरावा लागतो. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात आले. त्यानंतर सोय पुष्कळ वाढली, पण ती मोठ्या शहरांच्या आसपास. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रोग्याला ‘पुढच्या महिन्यात स्कॅनला या’ हे वाक्य म्हणजे दोन माणसांचे भाडे, मुक्काम आणि पाच-सहा दिवसांची मजुरी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा माणसांना वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे. एका धर्मशाळेने किती भार उचलायचा? मग बरे वाटते आहे तर कशाला जायचे, असा विचार घरात होतो, आणि राखण तिथेच सुटते.

राखण सुटण्याचा धोका केवळ गाठ परतण्याचा नाही. हा उपचार कर्करोगाच्या ‘बी’ पेशींबरोबर चांगल्या ‘बी’ पेशीही संपवतो. संसर्गाविरुद्धची प्रतिपिंडे या पेशींच्या वंशातून तयार होतात. त्यामुळे कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षे, रोग्याची प्रतिकारशक्ती तोकडी राहते. कार-टीनंतर मूळ रोगाखेरीज अन्य कारणांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे संसर्गाने होतात, असे २०२४ मध्ये जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले. आपल्याकडे पावसाळ्यातला ताप मलेरियाचा, डेंग्यूचा, लेप्टोचा की क्षयाचा, याचा शोध घेण्यातच चार दिवस जातात. या रोग्याला ते चार दिवस परवडत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांना ‘यांना असा असा उपचार झालेला आहे’ हे पहिल्या मिनिटाला कळले पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकी औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला: क्वचित प्रसंगी या उपचारानंतर ‘टी’ पेशींचाच कर्करोग झाल्याचे आढळले आहे. धोका फार कमी आहे आणि त्यासाठी उपचार नाकारणे शहाणपणाचे नाही. पण म्हणूनच तिथे जनुक बदललेल्या पेशी घेतलेल्यांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा आहे.

पंधरा वर्षे म्हणजे तीन लोकसभांचा काळ. एवढा काळ एखाद्या रोग्याचा पत्ता, फोन आणि फाईल सांभाळण्याची आपल्याला सवय नाही. तरीही ते अशक्य नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज देशभरची ३०० हून अधिक रुग्णालये आणि संस्था आहेत. कार-टी घेतलेल्या प्रत्येकाची एक सामाईक नोंदवही या जाळ्यामार्फत ठेवता येईल. रोग्याने दर वेळी मुंबईला येण्याऐवजी रक्ततपासणी नागपुरात, औरंगाबादचे नाव बदलून झालेल्या छत्रपती संभाजीनगरात किंवा कोल्हापुरात व्हावी आणि अहवाल मूळ डॉक्टरांकडे जावा, हे जमण्याजोगे आहे. सरकारी योजना आणि न्यास जेव्हा मदत मंजूर करतात, तेव्हा निदान पहिल्या वर्षाच्या तपासण्यांची रक्कम त्यातच वेगळी राखून ठेवावी. कर्ज मंजूर करताना तपासणीचा खर्च आधीच धरणे हा बँकेतला प्राथमिक नियम आहे. इथे तर माणूस पणाला लागलेला असतो.

आणि घरच्यांनी काय करावे? डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला संकोचू नये: पुढची तपासणी कोणत्या दिवशी, त्यात नेमके काय पाहणार, आणि ते संदिग्ध निघाले तर पुढची पायरी कोणती. सर्व अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत. उपचाराचे नाव, तारीख आणि रुग्णालयाचा आपत्कालीन क्रमांक लिहिलेला कागद रोग्याच्या पाकिटात ठेवावा. ताप लपवू नये. लसी पुन्हा केव्हा घ्यायच्या, हे विचारावे. अहवालातील आकडा वाचून स्वतःच निकाल लावू नये, नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नाही. आणि रोग्याला रोज ‘आता कसे वाटते’ असे विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर चहा घ्यावा, चार पावले चालावे. त्याला भूक लागते का, जिना चढताना धाप लागते का, रात्री अंगावरचे कपडे घामाने भिजतात का, हे न विचारताही दिसते. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगण्याजोगे असते ते हेच.